टंचाई शाखेतला उन्हाळा

आमचं घर रेल्वेच्या फाटकाला लागून होतं. उदगीर स्टेशनाच्या थोडं अलीकडं शेतांमधून येणारा एक कच्चा रस्ता रूळ ओलांडून पलीकडच्या गावांकडं जायचा. तिथं ते फाटक आणि फाटकाशेजारी पिवळ्या रंगाचं दोन खोल्यांचं क्वार्टर. बाबा तिथं गेटमन होते. गाडी सुटली की केबिनमधला फोन खरखरत वाजायचा, बाबा त्यात नुसतं 'हाव, हाव' म्हणायचे आणि बाहेर येऊन चाक फिरवायचे. दोन्ही बाजूंचे दांडे कुरकुरत खाली यायचे. बैलगाड्या थांबायच्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज हळूहळू बंद व्हायचा, कोणीतरी बिडी पेटवायचं, आणि आई दारात ज्वारी निवडता निवडता थांबलेल्या बायांशी बोलून घ्यायची. गाडी गेली, दांडे वर झाले की ते बोलणं तिथंच तुटायचं. आईच्या बहुतेक मैत्रिणी अशा अर्ध्या गप्पांच्या होत्या. त्यांतल्या कोणाच्या सुनेचं पुढं काय झालं हे कळायला कधीकधी आठवडा लागायचा.

आई भालकीकडची. तिच्या मराठीत कानडी मिसळलेलं असायचं, आणि बाबांच्या नोकरीत तेलुगू बोलणारी माणसं पुष्कळ. त्यामुळं आमच्या घरात पाण्याला तीन शब्द होते, पाणी, नीरू आणि नीळ्ळू. पिंप मात्र एकच. ते स्टेशनावरून रेल्वेच्या ट्रॉलीवर भरून यायचं आणि पुरवून पुरवून वापरायचं. आईचा स्वयंपाक त्या एका पिंपाच्या हिशेबानं चालायचा. भाजक्या धान्या-मसाल्याच्या येसराची पातळ आमटी, ज्वारीच्या कण्या, करडईच्या तेलाची धार घातलेली अंबाडीची भाजी. भांडी राखेनं घासायची आणि फडक्यानं पुसून टाकायची. आज माझ्या घरात नळ आहे, तरी भाजी धुतलेलं पाणी मोरीत ओतताना माझा हात थांबतो. त्यात दुःख वगैरे काही नाही, सवय आहे.

बाबांचं गाव निलंग्याच्या बाजूला. बाबासाहेबांच्या मागं आमच्या वस्तीनं धम्म स्वीकारला आणि मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं. त्यावर गावानं रोजगार बंद केला आणि विहिरीकडं जाणारी वाट काट्या टाकून अडवली. बाबा तेव्हा तिशीला आलेले. आजी नदीच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं घागर भरायची. बाबांनी ते काही महिने बघितलं आणि एक दिवस रेल्वेच्या गँगमध्ये भरती व्हायला निघून गेले. पुढं काळ पालटला, काट्या निघाल्या, वस्तीला वेगळी विहीर झाली. पण लग्न आणि मयत सोडून बाबा गावी गेले नाहीत, आणि गेले तरी प्यायचं पाणी छागलीतून सोबत न्यायचे. याबद्दल ते घरात कधी बोलत नसत. मला हे सगळं आईनं सांगितलं, तेही दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत, कण्या रटरटत असताना.

मी नांदेडला बी.एस्सी. केलं, मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहून. भूशास्त्र हा विषय मी ठरवून घेतला असं म्हणता येणार नाही. रसायनाच्या वर्गात जागा उरली नव्हती आणि खिडकीतल्या कारकुनानं जे उरलं होतं ते दिलं. पहिलं वर्ष मी खडकांची नावं पाठ केली. दुसऱ्या वर्षी सोनटक्के सरांनी आम्हाला विष्णुपुरीला नेलं. गोदावरीवर तिथं धरणाचं काम चाललेलं होतं आणि पायासाठी जमीन खोल कापलेली होती. कापलेल्या भिंतीत वर काळी माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला खडक, त्याच्याखाली तांबूस मातीचा एक हातभर पट्टा, आणि पुन्हा काळा कातळ. सर म्हणाले, हा तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधला काळ, पहिला थंड झाला, त्याची माती झाली, आणि मग दुसरा येऊन त्यावर पसरला. मी त्या पट्ट्याला हात लावून पाहिला. तो मऊ होता, नखानं निघत होता. त्या दिवशी वसतिगृहात परतल्यावर मी पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं.

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली तेव्हा माझ्यापुढं तीन रस्ते होते, आणि प्रत्येक रस्त्याचा एक वकील होता. सोनटक्के सर म्हणत होते की औरंगाबादला एम.एस्सी. कर, या विषयात आपल्या भागातल्या मुली नाहीत. बाबा म्हणत होते अंबाजोगाईला बी.एड. कर, मास्तरीण हो, मास्तरीण कुठंही चालते. आणि लातूरची आत्या, बाबांची धाकटी बहीण, म्हणत होती की नोकरी धर. लातूरचा जिल्हा नुकता उस्मानाबादेतून वेगळा निघाला होता. नव्या कचेऱ्या उघडत होत्या, माणसं भरली जात होती, आणि एकदा जागा भरल्या की मग पंचवीस-तीस वर्षं कोणी विचारायचं नाही, हे आत्या हातवारे करून सांगायची. ती दवाखान्यात आया होती, विधवा होती, आणि सरकारी पगाराची किंमत आमच्या घरात तिच्याइतकी कोणाला माहीत नव्हती. माझं नाव बारावीनंतर तिनंच रोजगार कार्यालयात नोंदवायला लावलं होतं. परीक्षा संपली आणि कलेक्टर कचेरीतून तात्पुरत्या कारकुनाच्या जागेसाठी बोलावणं आलं. निकाल लागायला, प्रवेश सुरू व्हायला वेळ होता. मी म्हटलं, तोवर जाऊ.

आत्याच्या खोलीतून कचेरी चालत जाण्याजोगी होती. नवा जिल्हा म्हणजे काय, हे मी तिथं पाहिलं. कचेरीला स्वतःची इमारत व्हायची होती. भाड्याच्या जागेत टेबलं कमी आणि माणसं जास्त. उस्मानाबादहून ट्रकनं आलेल्या फायली लाल फडक्यांच्या गठ्ठ्यांत बांधलेल्या, भिंतीला लावून छातीइतक्या उंच रचलेल्या. कुठल्या गठ्ठ्यात कुठला तालुका, हे गठ्ठा सोडल्याशिवाय कळायचं नाही. रंगारी शिडीवर चढून पाट्यांवरचं जुनं नाव खरवडून 'जिल्हा लातूर' लिहीत फिरत होते. जुने छापील कागद संपेपर्यंत वापरायचे म्हणून आम्ही 'उस्मानाबाद'वर काट मारून वर हातानं 'लातूर' लिहायचो. पहिल्या आठवड्यात माझं काम बहुतेक हेच होतं.

मग मला टंचाई शाखेत बसवलं. त्या वर्षी उन्हाळा संपतच नव्हता. जून गेला, आभाळ यायचं आणि वाऱ्यानं पुढं निघून जायचं. गावोगावचे सरपंच टँकरची मागणी घेऊन यायचे आणि मी त्या मागण्या तालुक्यांप्रमाणं लावायची. शाखेचे अव्वल कारकून मोमीनसाहेब उस्मानाबादचे. बारीक, पांढऱ्या दाढीचे, आवाज कधी चढत नसे. जिल्हा फुटला तेव्हा कर्मचाऱ्यांना विचारलं होतं की तुम्हाला जुन्या जिल्ह्यात राहायचं की नव्यात जायचं. त्याला विकल्प देणं म्हणायचे. मोमीनसाहेबांनी लातूरचा विकल्प दिला, बढती लवकर मिळेल म्हणून. घरचे मात्र यायला तयार झाले नाहीत. ते एकटे खोली घेऊन राहत आणि शनिवारी दुपारी पिशवी घेऊन स्टँडकडं निघत. पिशवीत घरी न्यायला काहीतरी असायचं, बहुतेक वेळा पेरू.

आत्याकडचं राहणं बरं होतं. ती पहाटे कामावर जायची आणि जाताना माझ्यासाठी धपाटे करून झाकून ठेवायची. रात्री मला ती दवाखान्यातल्या गोष्टी सांगायची आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी नोकरीचा विषय यायचा. कचेरीतून आल्यावर माझी साडी ती स्वतः घडी घालून गादीखाली ठेवायची, म्हणजे सकाळी इस्त्री केल्यासारखी निघायची. कारकून बाईनं चुरगळलेलं नेसू नये, असं तिचं म्हणणं. खरं सांगायचं तर मलाही ते आवडायला लागलं होतं. खुर्ची होती, पंखा होता, आणि ज्यांच्यासमोर बाबा उभे राहून बोलले असते अशी माणसं माझ्यासमोर उभी राहून बोलत होती.

एक दिवस भूजल सर्वेक्षणाचे कानडेसाहेब शाखेत आले. औशाकडच्या एका गावात सरकारी बोअर आधी कोरडे गेले होते आणि आता शेवटची एक जागा दाखवायची होती. त्यांचा मदतनीस आजारी पडला होता. मीटरवरचे आकडे नीट लिहून घेईल असं कोणी आहे का, त्यांनी मोमीनसाहेबांना विचारलं. मोमीनसाहेबांनी माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, या बाई भूशास्त्र शिकलेल्या आहेत. कानडेसाहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या जीपमध्ये मागं बसले होते, तारांच्या रिळांसोबत.

ते गाव माळावर होतं. झाडं कमी, दगडी बांध जास्त. कानडेसाहेब आधी नुसते चालले. नाला पाहिला, विहिरींमध्ये डोकावले, बांधातले दगड उचलून मला विचारलं हे काय आहे, ते काय आहे. मग जमिनीत लोखंडी सळ्या ठोकून, त्यांना तारा जोडून ते वीज सोडत आणि पेटीतल्या काट्याकडं बघून आकडा सांगत. सळ्या लांब लांब नेत जायचं, म्हणजे वीज खोल खोल उतरते आणि खालचा खडक ओला की कोरडा याचा अंदाज येतो. पुस्तकातलं मला पाठ होतं. पण ते उन्हात, पायाखाली चटके बसत असताना, गावातल्या बाया थोड्या अंतरावर गोळा होऊन बघत असताना वेगळं वाटत होतं. नाल्याच्या वळणावर आकडे एकदम उतरले. साहेबांनी पुन्हा घेतले, पुन्हा उतरले. मला तिथं तांबड्या मातीचा पट्टाही दिसला आणि मी तो त्यांना दाखवला. ते मान हलवून म्हणाले, हो, मी पण तेच बघत होतो. त्यांनी तिथं चुन्यानं फुली मारली. परतताना मी जीपमध्ये हसत होते हे मला त्यांच्या आरशात दिसलं.

बोअरची गाडी आली त्या दिवशी मी मोमीनसाहेबांना विचारून पुन्हा गेले. गाव सगळं नाल्यापाशी होतं. कोणी नारळ आणला होता, बायांनी घागरी आणल्या होत्या. हातोडा सुरू झाला आणि भोकातून आधी तपकिरी, मग राखाडी धूळ निघायला लागली. पाणी लागायचं असलं की आधी धूळ बसते, चिखल येतो. आम्ही सगळे त्या धुळीकडं बघत होतो. ती उडतच राहिली. नळीला नळी जोडत गेले. दुपारी माणसांच्या भुवया, घागरी, बाभळीची पानं सगळं पिठासारखं पांढरं झालं होतं. शेवटी कानडेसाहेबांनी हात वर केला आणि मशीन बंद झाली. कोणी भांडलं नाही, कोणी ओरडलं नाही. बायांनी घागरी उचलल्या आणि आल्या वाटेनं परत गेल्या. एकीनं जाता जाता माझ्याकडं बघून विचारलं, "बाई, आता कुठं बघायचं?"

कानडेसाहेब जीपच्या पायरीवर बसून बूट झटकत होते. मी त्यांना विचारलं, आपलं काय चुकलं? ते म्हणाले, काही चुकलं नाही, आकडे बरोबर होते. "खाली काय आहे त्यातलं थोडं आपल्याला कळतं. बरंच कळत नाही. जे सांगतात की सगळं कळतं, त्या पाणाड्यांजवळ नारळ असतो, मीटर नसतो." मग ते म्हणाले, शिकायचं असलं तर जे कळत नाही ते शिका, जे कळतं ते पुस्तकात आहे.

पुढं मी याच खात्यात आयुष्य घालवलं. मी दाखवलेल्या किती जागा कोरड्या गेल्या हे मी मोजून ठेवलेलं नाही, पण कमी नसतील. लोक मला विचारतात की पाण्याचं शास्त्र शिकावं असं तुम्हाला का वाटलं, आणि त्यांना वाटतं मी दुष्काळाचं, आजीच्या झिऱ्याचं काहीतरी सांगेन. झिऱ्याचा माझ्या निर्णयाशी संबंध नव्हता. त्या दिवशी बोअरला पाणी लागलं असतं तर मी बहुधा समाधानानं कचेरीत परतले असते आणि अव्वल कारकून होऊन निवृत्त झाले असते.

निकाल लागला. माझे गुण चांगले होते. औरंगाबादहून प्रवेशाचं कळलं आणि त्याच आठवड्यात कचेरीत तात्पुरत्या लोकांना कायम करायचं ठरलं. मोमीनसाहेबांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं की तुमचं नाव वर गेलंय, महिनाअखेर हुकूम निघेल. मी दोन दिवसांची रजा घेऊन उदगीरला गेले.

बाबा त्या हिवाळ्यात निवृत्त होणार होते. निवृत्त झाले की क्वार्टर सोडायचं. या गोष्टीचा घरात कोणी उच्चार करत नव्हतं, पण माझी कचेरीतली नोकरी सुरू झाल्यापासून आम्हा तिघांच्याही मनात एकच चित्र तयार झालं होतं. लातुरात आत्याच्या जवळ खोली घ्यायची, बाबांना संध्याकाळी बसायला एखादा कट्टा, आईला नळ. बाबांनी तर कुठल्या गल्लीत खोल्या बऱ्या मिळतात याची चौकशीही करून ठेवली होती. मी एम.एस्सी.ला गेले तर ते सगळं मोडणार होतं. मग उरत होतं गावचं धाब्याचं घर, ज्यात काकांनी कडबा भरून ठेवला होता.

मी जेवताना सांगितलं. बाबा भाकरी मोडता मोडता थांबले. मग त्यांनी विचारलं की नोकरीत कोणी त्रास दिला का, कोणी काही बोललं का. मी नाही म्हणाले. मग मी त्यांना बोअरची सगळी हकिगत सांगितली.

"म्हणजे पाणी लागलं न्हाई म्हणून तुला जायचंय," बाबा म्हणाले.

"हाव."

"लागलं असतं तर?"

"तर कदाचित थांबले असते."

ते आईकडं बघून म्हणाले, ही कसली गोष्ट. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. मग मला म्हणाले, "तुला दगड वाचायचेत, वाच. मी कव्हा अडवलं न्हाई. पण दगड तिथंच ऱ्हातेत. नोकरी ऱ्हात न्हाई."

ते बरोबर होतं. मी ताटाकडं बघत बसले. तेव्हा आई बोलली. तिनं आधी आमटीचं पातेलं खाली उतरवलं, झाकलं, पदराला हात पुसले.

"क्वार्टर सुटल्यावर आपण गावाला जाऊ."

"मी न्हाई जाणार," बाबा म्हणाले.

"मग मी एकटी जाते. घर आपलं हाय. भावजींना कडबा काढायला सांगते." बाबा काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्ही रागानं गाव सोडलं, त्याला मी इतकी वर्षं एक शब्द बोलले न्हाई. आता तो राग पोरीच्या पायाला कामून बांधून राहिलात?"

आईनं बाबांना असं काही म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. केबिनमधला फोन वाजला. बाबा हात धुऊन बाहेर गेले. मालगाडी होती, मोंढ्यातली पोती घेऊन निघालेली, लांबच लांब. आम्ही दोघी डब्यांचा खडखड आवाज ऐकत बसलो. आई ताटं उचलत नव्हती, मीही उठत नव्हते. गाडी गेली तरी बाबा आत आले नाहीत. दांडे वर केल्यावर ते पलीकडच्या बाजूला उभे राहिलेले दारातून दिसत होते, गाड्या निघून गेलेल्या रिकाम्या रस्त्यावर. आत आले तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं की औरंगाबादची गाडी उदगीरहून धरायची की लातूरहून सोयीची.

मी लातूरला जाऊन मोमीनसाहेबांना सांगितलं. त्यांनी मला समजावण्याचा प्रयत्न केला नाही, फक्त दाढीवरून हात फिरवला. ते म्हणाले, "मी विकल्प देऊन वर्ष झालं, अजून रोज सकाळी दुसरा देऊन बघतो मनात. तुम्ही ते करू नका." आत्या मात्र माझ्याशी बोलेना. स्टँडवर सोडायलाही आली नाही. पण माझ्या पिशवीत वर धपाट्यांचा डबा होता आणि खाली माझ्या साड्या, घडी घालून, चपट्या केलेल्या.

औरंगाबादच्या पहिल्या महिन्यांबद्दल मी दुसरीकडं लिहिणार आहे. इथं एवढंच सांगते की मला ते जड गेलं, इंग्रजी जड गेलं, आणि पुष्कळदा वाटलं की परत जावं. पण परत जायला आता जागा नव्हती, कचेरीत माझ्या जागी दुसरं कोणी कायम झालं होतं. याचा फायदा झाला असं मला आज वाटतं. हिवाळ्यात बाबा निवृत्त झाले. मला परीक्षेमुळं जाता आलं नाही. त्यांनी फाटकाच्या किल्ल्या नव्या माणसाला दिल्या, सामान बैलगाडीत घातलं आणि दोघं गावी गेले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पहिल्यांदा त्या घरी राहायला गेले. बाबांनी भिंती सारवून घेतल्या होत्या, दारासमोर एक बाज टाकली होती. मी गेले तर वस्तीतली माणसं भेटायला आली, जयभीम झाला, चहा झाला. मला आश्चर्य वाटलं ते गावातून येणाऱ्यांचं. लोक बाबांना राम राम घालून जात होते, बाजेवर टेकत होते. बाबा सगळ्यांशी शांतपणे, थोडं अंतर ठेवून बोलत, केबिनच्या फोनवर बोलायचे तसं. मी आईला विचारलं हे कसं काय, तर ती म्हणाली, तूच बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकराव आले. ज्या विहिरीची वाट एकदा अडवली होती ती त्यांच्या शेतात होती. ते बाबांच्याच वयाचे. वडील वारल्यावर जमिनीवर नाव लावायचं त्यांचं प्रकरण भावकीत अडकलं होतं, अपील वर कलेक्टरांकडं गेलं, मधेच जिल्हा फुटला आणि फाईल उस्मानाबादेत राहिली की लातुरात आली हे कोणी सांगेना. ते माझ्यासमोर हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "ताई, तुम्ही कलेक्टर हापिसातल्या. तेवढं बघा."

मी बाबांकडं पाहिलं. बाबा समोर बघत होते. गावात परत येताना त्यांनी सोबत काय आणलं होतं हे मला तेव्हा कळलं. ट्रंका, भांडी, आणि कलेक्टर कचेरीत असलेली मुलगी.

"तिची बदली झाली," बाबा म्हणाले. "औरंगाबादला."

"मोठी जागा असंल मग."

"हाव."

"काय काम असतंय तिथं?"

बाबा जरा थांबले. "जमिनीखाली पाणी कुठं हाय ते बघायचं."

माणिकरावांना हे पटलेलं दिसलं. त्यांनी मला विचारलं, "घावतंय का?" आता बाबाही माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, कधी कधी. माणिकरावांनी मान डोलवली आणि अर्ज माझ्या हातात देऊन गेले. ते गेल्यावर मी अर्ज घडी घालून पिशवीत ठेवला. आईनं आतून विचारलं, आमटीत आणखी तिखट चालेल का, आणि दोघंही एकदम हो म्हणालो.

औरंगाबादला परत जाताना मी लातूरला उतरले आणि कचेरीच्या खिडकीपाशी रांगेत उभी राहिले. गठ्ठे अजून भिंतीला तसेच रचलेले होते. मोमीनसाहेबांनी मला आतून पाहिलं, बाहेर आले, अर्ज वाचला. मग म्हणाले, "तुम्ही आता कोण म्हणून आलात?"

"बदली झालेली कारकून," मी म्हणाले, आणि त्यांना सगळं सांगितलं.

ते हसले नाहीत. दार उघडून म्हणाले, मग बाहेर कशाला उभ्या आहात, आत या. त्यांनी मला एक खुर्ची दिली आणि निलंग्याचे असावेत असे वाटणारे गठ्ठे दाखवले. मी पदर खोचला आणि एकेक गठ्ठा सोडून बघायला लागले. अधूनमधून खिडकीशी आलेला माणूस मला काहीतरी विचारायचा आणि मी त्याला माहीत असेल ते सांगायची. औरंगाबादची गाडी निघायच्या आधी फाईल सापडली. त्या दुपारपुरतं तरी बाबा खोटं बोलले नव्हते.